स्वर्गाची खालची हातभर कड

माझं शुद्धलेखन चुकतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या चिठ्ठीएवढंच. अक्षर तर असं की ओल्या अंगणातून कोंबडी चालत गेली असं वाटावं. हे कोणाच्या हाती पडलं तर सांभाळून घ्यावं. एकदा मात्र या वाईट अक्षरानेच माझं काम केलं होतं, म्हणून मी त्याला फार शिव्या देत नाही.

लिहायला कारण माझी सून. ती पुण्याची, आणि तिचं पोट चित्रांवर चालतं. कागद नाही, रंग नाही. काचेवर काडी फिरवते आणि त्यातून पंखांचे घोडे, ढगांवरचे किल्ले, आग ओकणारे साप निघतात. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली तेव्हा तिने आमच्याकडचं नाटक पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, हे तर ऑपेरासारखं आहे."

मी विचारलं, ते काय असते?

"परदेशात असतं. लोक गाऊनच बोलतात. गाऊन प्रेम करतात, गाऊन भांडतात आणि मरतानाही गाणं म्हणूनच मरतात."

"मंग आमचंच हाये," मी म्हटलं. "पण आमचा माणूस दोनदा मरते."

तिला ते कळलं नाही, मग मुलाने सांगितलं. आमच्याकडे नाटकातला राजा छातीत कट्यार घेऊन खाली पडला आणि गाणं म्हणून मेला, तरी लोकांना ते गाणं आवडलं की ते "वन्समोर" ओरडतात. मग राजा उठून बसतो, मुकुट सरळ करतो, पेटीवाल्याकडे पाहतो, तेच गाणं पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. सून पोट धरून हसली. मग तिने विचारलं, "मागचा पडदा तर छापलेला होता. आधी हाताने रंगवायचे ना? कोण काढायचं?"

मुलगा म्हणाला, "आईले विचार."

मी उठून आत गेले. तोंडाने सांगणं मला जमत नाही. ती पुण्याला गेल्यावर लिहायला बसले आहे. तिला वाचायला देईन की नाही, माहीत नाही. जे सांगायचं आहे ते किळसवाणं आहे, आणि ती अजून नाटकावर खूश आहे.

आमच्याकडे धान कापून झाला की बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या होतात. त्यातल्याच एखाद्या मोठ्या बांधीत मंडप पडतो, कंपनी येते, नाटक होतं. खाली तणीस टाकून लोक बसतात, एका बाजूला बाया आणि एका बाजूला माणसं. गावातलं मंडळ कंपनीशी ठेका करतं, तिकिटं विकतं. मंचावर मागे पडदे असतात. रस्त्याचा एक, जंगलाचा एक, महालाचा एक. आणि देवादिकांचं किंवा अद्भुत असं काही नाटक असेल तर स्वर्गाचा एक.

माझा नवरा हे पडदे रंगवायचा. मांजरपाटाचे लांब पट्टे मी शिवून जोडायची. मग बांबूच्या चौकटीला ताणून त्यावर खळ आणि खडूचा हात द्यायचा. रंगाच्या भुकटीत सरस मिसळायचा, म्हणजे रंग कापडाला धरून राहतो. सरस जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात. तो शिजवायचं काम माझं. जर्मनच्या भगोण्यात तो वितळायला लागला की मेलेलं ढोर घरामागच्या सांदवाडीत आणून टाकल्यासारखा वास सुटायचा. तो वास केसांत बसायचा, लुगड्यात बसायचा, भाकरीला लागायचा. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी रोज ओकायची. सासूला वाटलं मला दिवस गेले. तिने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

आणि या घाणीतून नवरा स्वर्ग काढायचा. खरंच सांगते, त्याचा हात चांगला होता. निळ्यावर पांढरा असा फिरवायचा की ढग फुगून वर यायचे. सोन्याचे खांब, त्यावर मोर, पंख असलेल्या बाया, चार सोंडांचा हत्ती, कमळातून निघणारा जिना. हे त्याने कुठे पाहिलं होतं? कुठेच नाही. भंडाऱ्याच्या पुढे तो दोनदाच गेला असेल. खांब, पायऱ्या, कमळं मी भरायची. बायांचे चेहरे तो मला भरू द्यायचा नाही, आणि मला भरायचेही नव्हते.

पण हा पडदा खालपर्यंत स्वर्ग नसायचा. खालची हातभर कड कथ्थ्या रंगाची. दगड, माती, वाळलेलं गवत. नवरा ज्यांच्याकडे शिकला त्यांनी पहिला धडा हाच दिला होता. स्वर्ग काढ, पाताळ काढ, समुद्र काढ, पण खालची हातभर कड कथ्थ्या रंगाची ठेव. कारण लोक त्यावर थुंकणार.

आमच्याकडे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून करतात, आणि सकाळी चहाच्या आधीपासून तोंडात असतो. नट खातात, पेटीवाला खातो, पडदा ओढणारा खातो. राजाला मंचावर जायचं तर तोंड मोकळं हवं, गायचं असतं. मग तो कुठे थुंकणार? विंगेत उभा राहून पडद्याच्या बुडाशी. राजा थुंकून आत जातो, राक्षस थुंकून बाहेर येतो, ऋषी थुंकतो. हंगाम संपला की पडदा दुरुस्तीला यायचा. तो उलगडला की वर मोर आणि कमळं, आणि खाली वाळलेल्या थुंकीचा थर. हात लावला तर पापुद्रा निघायचा. मी कधी लावला नाही. नवरा काडीने खरवडायचा आणि वरून परत कथ्थ्या रंग मारायचा. मी म्हटलं होतं एकदा, लोकांना थुंकू नका म्हणून सांगायचं सोडून तुम्ही थुंकीच्या रंगाची जमीनच काढून देता! त्याच्याही तोंडात खर्रा होता. तो हसला आणि कोपऱ्यात पिचकारी मारली.

त्याचं तोंड बंद व्हायला लागलं ते त्यानंतर. आधी साधं जेवणही तिखट लागायचं, मग घास मोठा घेता येईना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चांगल्या माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं जायला पाहिजेत. त्याच्या एकच जात होतं. आतून कातडं वाळल्यासारखं आखडलं होतं. पेज, वरण, पातळ असं काही. बोलणं दातांतून. तरी खर्रा मागायचा. मला त्याची दया यायची आणि शिसारीही यायची, आणि शिसारी जास्त यायची. हे बाईने लिहू नये, पण आहे ते आहे.

त्याच सुमारास एका कंपनीच्या मालकाने नव्या नाटकासाठी स्वर्गाचा पडदा सांगितला. हा मालक स्वतःच राजाचं काम करायचा, स्वतःच गायचा. गळा खरोखर गोड. बाकी सगळं चिकट. बोलताना जवळ यायचा, ओठाच्या कोपऱ्यात लाल रेघ.

"वहिनी, तुमच्या घरी साक्षात विश्वकर्मा हाये," तो म्हणाला. "असा स्वर्ग पायजे का पब्लिकनं मराची घाई केली पायजे."

पंधरा हजार ठरले. माल आम्ही घालायचा. नवऱ्याच्या दवाखान्यात घरचं सगळं गेलं होतं, म्हणून मी बचत गटातून दहा हजार उचलले. गटाची अध्यक्ष आमच्या शेजारचीच, तोंडाने फाटकी पण मनाने सरळ. तिने माझ्या शब्दावर पैसे दिले.

पडदा मोठा होता. खाली बांबू घालायला कापडाची नळी शिवावी लागते, तिथे मांजरपाट कमी पडला. दुसरा आणायला पैसे नव्हते. मी माझं करवती काठाचं जुनं लुगडं काढलं. माहेरचं होतं. सरसाच्या चुलीचा निखारा उडून त्याला भोक पडलं होतं, आणि ते अध्यक्षबाईनेच मला रफू करून दिलं होतं. ते फाडलं आणि मागच्या बाजूने नळी शिवली. समोरून त्यावर कथ्थ्या रंग आलाच.

मालक पडदा घेऊन गेला. पैसे हंगाम झाल्यावर देतो म्हणाला. हंगाम झाला. नवरा दोनदा त्याच्या दारी जाऊन आला. मालकाने चहा दिला, पाठीवर थाप मारली, "कलेचे का पैसे मोजाचे असतेत, भाऊ?" म्हणाला. मुलाने फोन केला तर "मोबाईलवर टाकून देतो, आता नेट नाही." असे दोन हंगाम गेले. नेट काही आलं नाही.

गटाचा नियम असा की जुनं कर्ज फिटल्याशिवाय नवं कोणाला मिळत नाही. अध्यक्षबाईच्या मुलीला नर्सिंगला नंबर लागला होता, आणि फी भरायला तिला गटातूनच उचलायचे होते. माझ्यामुळे अडलं. आधी ती हसत बोलायची. मग नुसतं बोलायची.

"पैसे तुहे, पडदा तुहा, अन् तोंडात मूग धरून तूच बसली!" ती कुंपणावरून म्हणाली. "त्याच्या दारी जाऊन बोंबलत काहून नाहीस?"

"मले नाही जमत बाई."

"मंग माह्या पोरीले सांग, तुह्यानं जमत नाही मून तू घरी राय."

ती मुलगी तेव्हा दारातच उभी होती. तिने ऐकलं आणि आत गेली. त्या दिवसापासून मला विहिरीवर जाताना त्यांच्या दारावरून जाववेना. मी मागच्या शेताच्या धुऱ्याने फिरून जायची.

तिसऱ्या हंगामात आमच्याच गावच्या मंडळाने तीच कंपनी ठरवली, तेच नाटक. मी जाणार नव्हते. पण नवऱ्याला त्याचा पडदा पाहायचा होता. तोंडाला दुपट्टा बांधून तो माणसांत मागे जाऊन बसला. मी बायांमध्ये, अगदी पुढे. शेजारी अध्यक्षबाई. बोलत नव्हती, पण जागा तिनेच धरून ठेवली होती.

स्वर्गाचा पडदा सुटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यांखाली तो असा दिसत होता की क्षणभर मीही सगळं विसरले. मग राजा विंगेत दिसला. वाकला, थुंकला, तोंड पुसलं आणि हात पसरून गात आत आला. गाणं देवावर होतं. लोक डोलत होते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं.

आमच्याकडे गाणं रंगलं की लोक इनाम देतात. नोट आणि चिठ्ठी मंचाच्या कडेला माईकवाल्याकडे द्यायची. तो गाणं थांबवून मोठ्याने वाचतो, अमुक भाऊंकडून राजाच्या गाण्याला पन्नास रुपये! मग टाळ्या. सगळं वाचतो. कोणी बायकोचा वाढदिवस लिहितं, कोणी म्हैस हरवल्याचं.

माझ्या बटव्यात दहाची नोट होती आणि दवाखान्याची पावती. पावतीच्या मागे लिहायला लागले. मागे बसलेल्या एका पोरीचा पेन घेतला.

"काय करून राहिली वं?" अध्यक्षबाईने विचारलं. सरकत सरकत गेले, चिठ्ठी ठेवली आणि सरकत परत आले.

अक्षर चांगलं असतं तर माईकवाल्याने एका नजरेत वाचून ती खिशात घातली असती. पण त्याला एकेक शब्द लावत वाचावं लागलं, आणि तेही माईकवर. "राजाच्या... गाण्याला... दहा रुपये!" टाळ्या. "राजाच्या... मागचा... स्वर्ग... आमचा आहे. त्याचे... पंधरा हजार..." इथे तो थांबला. पण लोक थांबेनात. "वाच ना बे!" "पुढं काय हाये?" त्याने घाबरून वाचलं, "तीन हंगामापासून... यायचे आहेत. राजाने... द्यावे."

पेटी बंद झाली. लोक हसले. मालक मुरलेला होता, हात पसरलेलेच ठेवून तोही हसला आणि माईककडे आला.

"मायबाप, कोणाची तरी गफलत झाली. हा पडदा मी नागपूरहून बनवून आणला. बाकी पेंटर लोकाइचं तुमाले मालूम हाये. दोन घोट घेतले का सगळेच स्वर्ग आपले वाटतेत."

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही. मागे तो उभा राहिला. दुपट्टा काढला, तोंड उघडायला गेला. उघडलं ते बोटभर. त्यातून आवाज आला, शब्द आला नाही. आजूबाजूची माणसं अजूनच हसली. कोणीतरी म्हणालं, "पाहा, अजून उतरली नाही."

मग मी उठले. कशी उठले ते मला आठवत नाही. पदर डोक्यावर घेतला, मंचाच्या पायरीवर अडखळले. दिवे इतके गरम की पदर जळेल असं वाटलं. मला बोलायचं नव्हतं, आणि आलंही नसतं. मी पडद्याच्या बुडाशी बसले. ती हातभर कड ओली होती. वर आत्ताचं ओलं, त्याखाली तीन हंगामांचं वाळलेलं. नवऱ्याचा पिकदाणीचा डबासुद्धा मी कधी उचलला नव्हता. मी दोन्ही हात त्यात घातले, कड धरली आणि बांबूसकट उलटी करून लोकांना दाखवली.

मागचं लुगडं दिसलं. करवती काठ, लाल. त्यावर मध्येच हिरवं रफू.

बायांमध्ये एकदम गलका झाला. अध्यक्षबाई उभी राहिली. तिला माईक लागत नाही.

"थांब वं! तो हिरवा टाका माहा हाये! लाल दोरा सरला होता मून हिरवा टाकला होता!" मग ती मालकाकडे वळली. "का जी राजेसाहेब, नागपूरच्या स्वर्गाले माहा टाका कसा लागला?"

बाया हसल्या ते वेगळं हसणं होतं. मग माणसंही फिरली. मघाशी नवऱ्याला हसली तीच. "दे ना बे पैसे, राजा होय का भिकारी?" मागून कोणी पोट्टा ओरडला, "मावशी, वन्समोर!" आणि सगळे वन्समोर, वन्समोर करायला लागले. मी ती कड परत उलटी करून दाखवावी म्हणून. मला त्या माणसांची त्या थुंकीइतकीच किळस आली. मी कड सोडली आणि उतरले.

मंडळाच्या अध्यक्षांनी माईकवर सांगितलं, नाटक चालू द्या, बाकीचं सकाळी पाहू. नाटक पुढे चाललं. मी हातपंपावर होते. हात धूत होते, मातीने घासत होते, परत धूत होते. ऐकू येत होतं सगळं. राजाला कट्यार लागली, तो गायला, फार गोड गायला, आणि मेला. कोणीही वन्समोर म्हटलं नाही. त्या दिवशी तो एकदाच मेला.

सकाळी मंडळाने कंपनीच्या उरलेल्या ठेक्यातून पंधरा हजार कापले. पण ते मालकाच्या हातून द्यायला लावले. त्याचं अर्धं तोंड पुसलेलं होतं, अर्ध्यावर रंग. एका गालावर राजा आणि एका गालावर तो. खर्र्याच्याच बोटांनी नोटा मोजल्या, माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाला, "वहिनी, घरच्यासारखे संबंध होते आपले." मग बाजूला थुंकला.

नोटांना लाल डाग होते, वास होता. घरी आणून मी त्या साबणाच्या पाण्यात एकेक करून धुतल्या आणि सांदवाडीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. जिथे स्वर्ग वाळायचा तिथेच. नवरा बाजेवर बसून पाहत होता. हसला. तोंड उघडत नव्हतं म्हणून नाकाने हसला. मग दोरीकडे बोट दाखवून दातांतून म्हणाला, "यातले दहा... खर्र्याले दे." गटाचे बाजूला काढून उरलेल्या पैशांतून त्याला दवाखान्यात नेलं. आता दोन बोटं जातात. खर्रा सुटला की नाही ते मला विचारू नये, मी त्याच्या खिशाकडे बघत नाही.

आता सगळ्या कंपन्या फ्लेक्सचेच पडदे लावतात. सुनेने पाहिला तो तसलाच होता, परदेशातला किल्ला आणि वर आपला चंद्र. ओल्या फडक्याने थुंकी पुसता येते, हेच लोकांना त्यात आवडलं. खालची कथ्थ्या कड गेली. थुंकणारे तेच आहेत.

नोटा वाळल्या त्याच आठवड्यात गटाची बैठक अध्यक्षबाईच्या ओसरीवर होती. मी समोरच्या दाराने गेले. धुतलेल्या, कडक वाळलेल्या नोटा मुद्दल आणि व्याज अशा वेगवेगळ्या करून तिच्यापुढे ठेवल्या. तिची मुलगी चहा घेऊन आली, पहिला कप मला दिला. अध्यक्षबाईने नोटा हातात घेतल्या, अंगठा जिभेला लावला, चांगला ओला केला, आणि थुंकी लावत लावत एकेक नोट मोजली. माझ्या अंगावर काटा आला. शेवटची नोट चिकटली होती, तिला परत थुंकी लावली.

"झालं वं," ती म्हणाली. "पुरे आले. एक पैसा बाकी नाही."